विकासजीवशास्त्रात पीएच.डी. करून कंपनीत : वऱ्हाडातून निघालेल्या एका वाटेविषयी

खारपाणपट्टा :

दिवाळीत गावी, दर्यापूर तालुक्यात, गेले होते. ओट्यावर बसलेल्या मोठ्या काकांनी दरवर्षीप्रमाणे विचारले, "एवढी शिकली, मंग कालेजात मास्तरीन कायले नाई झाली?" दरवर्षी मी हसून विषय टाळते. या वेळी मात्र शेजारच्या घरातील, अमरावतीला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलगी तिथेच बसली होती आणि उत्तराची वाट माझ्यापेक्षा तीच अधिक पाहत होती. म्हणून या मंचावर हा धागा.

माझे शिक्षण थोडक्यात सांगते. बी.एस्सी. तालुक्याच्या गावी, एम.एस्सी. अमरावतीला आणि नेटनंतर पीएच.डी. पुण्यात. पुण्यात कोंबडीच्या भ्रूणावर काम करण्याची परंपरा जुनी आहे. एडिंबरोला भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात ती रुजवली. माझा विषय होता पंखाचा अंकुर. भ्रूणाच्या बाजूला तिसऱ्या दिवशी एक बारीक फुगवटा दिसू लागतो आणि त्यातून पुढे हाड, स्नायू, बोटे असा सगळा पंख उभा राहतो. त्या फुगवट्याच्या टोकाशी पेशींची एक कड असते. १९४८ मध्ये सॉन्डर्स यांनी ती कड काढून टाकली, तेव्हा पंख अर्धवटच राहिला. आणि कड जितकी लवकर काढली तितका पंख अधिक आखूड झाला. माझी पाच वर्षे त्या कडेखाली पेशींना कोणता रासायनिक संदेश कुठे पोहोचतो हे पाहण्यात गेली.

त्यानंतर तीन वर्षे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधन, केले आणि प्राध्यापकाच्या जागांसाठी अर्ज करत राहिले. आपल्या भागातील एका संस्थेत मुलाखत उत्तम झाली, आणि बाहेर पडल्यावर जिन्यातच एका गृहस्थांनी "संस्थेला सहकार्य किती करता येईल" असे विचारले. आकडा ऐकून मी बसस्थानकापर्यंत चालत गेले. त्यावर अधिक लिहीत नाही. या मंचावरील अनेकांना तो जिना माहीत आहे.

आता मी हैदराबादला, औषधे आणि रसायने यांची सुरक्षितता तपासून देणाऱ्या एका कंपनीत काम करते. या कामाची मुळे थॅलिडोमाइडच्या प्रकरणात आहेत. १९५७ मध्ये जर्मनीत हे झोपेचे औषध विक्रीला आले, गर्भवती स्त्रियांना मळमळीवर दिले गेले आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तेथील बाजारातून मागे घेतले जाईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातपाय आखूड असलेली किंवा हातपायच नसलेली जन्माला आली. उंदीरवर्गीय प्राण्यांत हा परिणाम जवळजवळ दिसत नाही, सशांत दिसतो. म्हणून आजही नवे औषध गर्भावर काय करते हे साधारणतः दोन जातींच्या प्राण्यांत, बहुधा रॅट आणि ससा यांच्यात, पाहिले जाते. पुढे हेच औषध कुष्ठरोगातील वेदनादायक प्रतिक्रियेवर गुणकारी ठरले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्यासाठी त्याला परवानगी मिळाली, अर्थातच गर्भधारणा टाळण्याच्या अत्यंत कडक अटींसह. ज्या प्रदेशाने आनंदवन आणि तपोवन पाहिले, त्या प्रदेशातील माणसाला या औषधाच्या दोन्ही बाजू ठाऊक असाव्यात असे मला वाटते. ते शरीरात नेमके कोणत्या प्रथिनाला चिकटते हे २०१० मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढले. त्या प्रथिनाचे नाव सेरेब्लॉन. मात्र त्यापूर्वी पन्नास वर्षे पोटातील पिलांचे सांगाडे वाचणाऱ्या लोकांनी हे क्षेत्र सांभाळले होते, आणि मी आज त्यांच्यापैकी एक आहे.

मुलाखतीचा प्रसंग सविस्तर सांगते, कारण प्राध्यापकीतून कंपनीत येणाऱ्याला बहुतेकदा चुकीच्या गोष्टीची भीती वाटते. माझ्या शोधनिबंधावर त्यांनी दोन मिनिटे घालवली. मग समोर एक छायाचित्र ठेवले : रॅटच्या गर्भाचा सांगाडा, हाडे अलिझारिनने लालभडक आणि कूर्चा अल्शियनने निळी रंगवलेली. "काय दिसते?" एवढाच प्रश्न. मी बरगड्या मोजल्या. रॅटला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. येथे डाव्या बाजूला चौदावी, तांदळाच्या दाण्याएवढीही नसेल अशी, लाल रंगाची चिमूट होती. दुसरा प्रश्न खरा होता : "ही विकृती म्हणायची की नुसते वेगळेपण?" मी म्हणाले, एका पिलात दिसली तर मी वेगळेपण लिहीन, कारण ही चौदावी बरगडी औषध न दिलेल्या गटातही अधूनमधून सापडते, पण मात्रा वाढेल तसे तिचे प्रमाण वाढत असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करणार नाही, आणि आधी त्याच प्रयोगशाळेतील गेल्या काही वर्षांच्या निरोगी गटांच्या नोंदी मागवीन. त्यानंतर गप्पा सुरू झाल्या आणि चहा आला.

पाच वर्षे ज्या जनुकाच्या नावाने मी झोपले आणि उठले, ते जनुक त्यांना नको होते. त्यांना हवी होती नजर. हजारो भ्रूण पाहिल्यावर सामान्य काय, किंचित मागे पडलेले काय आणि बिघडलेले काय, हे ज्याला क्षणात कळते आणि पटकन निकाल देण्याऐवजी जो थांबून नोंदी मागतो, तो माणूस त्यांना हवा होता. ही नजर मला पुण्यात मिळाली असे मी पूर्वी सांगत असे. आता वाटते की तिची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरात झाली. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवल्यावर सातव्या दिवशी आजी एकेक अंडे कंदिलाच्या काचेशी धरायची. लाल धाग्यांचे जाळे आणि मधला काळा ठिपका दिसला की अंडे परत टोपलीत. नुसतेच पिवळे दिसले की बाजूला. एकविसाव्या दिवशी तिचा अंदाज क्वचितच चुकायचा.

पहिल्या तीन महिन्यांत माझ्या हातून एक चूकही झाली, तीही लिहून ठेवते. नोंदवहीत एका पिलाचे वजन चुकीचे उतरवले गेले आणि पीएच.डी.च्या सवयीने मी तो आकडा गिरवून दुरुस्त केला. गुणवत्ता विभागातील बाईंनी संपूर्ण पान बाजूला काढले. नियम असा, की चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे मूळ आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी बरोबर आकडा, कारण, आद्याक्षरे आणि तारीख लिहायची. मला त्या दिवशी अपमान वाटला होता. पण आमचा अहवाल ज्या देशात वाचला जातो तेथील अधिकारी मला ओळखत नाही. त्याच्याकडे विश्वास ठेवायला फक्त ते पान असते. भारतातील अशा प्रयोगशाळांचे अहवाल आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) सदस्य देशांत २०११ पासून ग्राह्य धरले जातात, ते याच कंटाळवाण्या शिस्तीमुळे.

प्रश्न असतील तर विचारा. पगाराचे आकडे मात्र विचारू नका, काकांनाही मी सांगितलेले नाहीत.

तासिका तत्त्वावर :

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो; सदस्यनावावरून माझी नेमणूक कशी आहे हे कळेलच. मानधन वेळेवर येत नाही, पण मुले येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये विच्छेदन बंद केल्यापासून आमच्या प्रात्यक्षिकात तक्ते आणि काचपट्ट्याच उरल्या आहेत. कोंबडीच्या भ्रूणाच्या २४, ३३, ४८, ७२ आणि ९६ तासांच्या त्याच पिवळट पडलेल्या काचपट्ट्या मी विद्यार्थी असताना पाहिल्या आणि आज विद्यार्थ्यांना दाखवतो. ३३ तासांच्या पट्टीचा कोपरा तुटलेला आहे, म्हणून परीक्षेत ती कोणती हे मुले कोपऱ्यावरूनच ओळखतात. आपण म्हणता ती नजर अशा काचपट्टीवरून कशी येणार?

संत्र्याची बाग :

लेख आवडला, पण एक आक्षेप नोंदवतो. सरकारने आपल्यावर आठ-नऊ वर्षे खर्च केला तो मूलभूत संशोधनासाठी. पंखाची बोटे कशी बनतात हा प्रश्न सोडून आपण औषध कंपन्यांचे सांगाडे मोजता. हे म्हणजे कलम बांधून झाड वाढवायचे आणि बहर धरायच्या वेळी सरपणाला तोडायचे, असे नाही का? मूलभूत विज्ञान करणारे आधीच कमी आहेत.

खारपाणपट्टा :

आक्षेप रास्त आहे आणि तो मी स्वतःवरही अनेकदा घेतला आहे. पण मूलभूत आणि उपयोजित यांच्यामध्ये आपण जो बांध घालतो, तो या विषयात फारसा टिकत नाही. एक उदाहरण देते.

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात १९५० च्या दशकात मेंढ्यांना एकच डोळा असलेली कोकरे होऊ लागली. मेंढपाळ हैराण झाले. शोध घेतल्यावर कळले, की गाभण मेंढ्या डोंगरावरील एक विशिष्ट रानटी लिलीसारखे झाड खात होत्या; त्यातील द्रव्याला एकाक्ष राक्षसावरून सायक्लोपामीन असे नाव मिळाले. तिकडे जर्मनीत हायडेलबर्गला न्युस्लाइन-फोल्हार्ड आणि वीशाउस यांनी फळमाशीच्या अळ्यांमधील बिघाड शोधता शोधता एक जनुक पकडले. ते बिघडले की अळीच्या अंगभर काटे येतात, म्हणून त्याला हेजहॉग म्हटले. (आपली सायाळ नव्हे, तो छोटा काटेरी प्राणी वेगळ्याच कुळातला.) तो निबंध १९८० चा, आणि १९९५ चे नोबेल त्यांना लुईस यांच्यासह मिळाले. १९९३ मध्ये याच जनुकाचा कोंबडीतील भाऊबंद पंखाच्या अंकुरात सापडला. बोटांचा क्रम तोच ठरवतो, आणि माझी पीएच.डी. त्याच्याच शेजारची. पुढे लक्षात आले, की सायक्लोपामीन नेमका याच जनुकाचा पेशींना जाणारा संदेश अडवते आणि कोकराच्या चेहऱ्याची मधली विभागणी होत नाही ती त्यामुळे. त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगात हाच संदेश बेलगाम सुटलेला असतो. तो अडवणारे व्हिस्मोडेजिब हे औषध २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेत मंजूर झाले. आणि त्या औषधाच्या वेष्टनावर सर्वांत ठळक इशारा कोणता असतो? गर्भवती स्त्रीने घेऊ नये. कोकरू, माशी, पंख, कर्करोग आणि शेवटी पुन्हा गर्भ. ह्या साखळीत मी कोणत्या कडीवर बसले की सरपण होते, ते मला सांगता येत नाही.

आपले एक मात्र मान्य. स्वतःचा प्रश्न स्वतः निवडण्याचे सुख कंपनीत नाही. प्रश्न येतो तो ग्राहकाकडून, बंद पाकिटात, आणि द्रव्याचे नावही अनेकदा एक सांकेतिक क्रमांक असतो. अहवाल दिला की पुढे त्याचे काय झाले हे बहुधा कळत नाही. ती खंत आहे.

लाल ढेकूण :

नावावरून ओळखले असेल, मी कापसावरील किडींचा माणूस. एम.एस्सी. अकोल्याची, नोकरी कीटकनाशके तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. ताईंच्या साखळीला आमच्याकडचीही एक कडी जोडतो. १९६० च्या दशकात प्रागहून स्लामा नावाचे शास्त्रज्ञ आपले लाल ढेकूण घेऊन हार्वर्डला कीटकशास्त्रज्ञ विल्यम्स यांच्याकडे गेले. तिथे ढेकूण प्रौढच होईनात. शेवटची कात टाकूनही पिल्लेच राहत आणि मरत. अन्न, पाणी, हवा, सगळे तपासून झाले. अखेर दोष निघाला डबीत अंथरलेल्या कागदाचा! अमेरिकी कागद ज्या देवदारासारख्या झाडापासून होतो, त्यात कीटकाच्या बाल्य-संप्रेरकासारखे, म्हणजे त्याला पिल्लू अवस्थेतच ठेवणारे, द्रव्य होते. लंडनच्या वर्तमानपत्रावर ढेकूण सुखाने वाढत, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रावर नाही. पऱ्हाटीवरच्या बोंडांना डाग पाडणारा आपला लाल ढेकूण त्यांच्याच कुळातला.

आज त्याच कल्पनेवर किडीची वाढ रोखणारी औषधे आहेत. पायरीप्रॉक्सिफेन बाल्य-संप्रेरकाची नक्कल करते. डायफ्लुबेन्झुरॉन कायटिन, म्हणजे किडीच्या कवचातले द्रव्य, बनू देत नाही, त्यामुळे अळीला कात टाकता येत नाही. प्रयोगशाळेत हे पाहण्याचे काम म्हणजे निव्वळ विकासजीवशास्त्र. अळी कोणत्या अवस्थेत आहे हे डोक्याच्या कवचाच्या रुंदीवरून ठरवायचे, कारण लांबी खाण्यापिण्यावर बदलते. गुलाबी बोंडअळी मात्र लवकरच बोंडात शिरते आणि फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. २०१७ मध्ये माझ्या बापाने पराटीत उभे राहून मला विचारले होते, "तुह्या औषधानं काय होते?" मी उत्तर दिले नव्हते.

सांगायचे हे, की कंपनी म्हटले की फक्त हैदराबाद-बंगळूर आणि माणसांचे औषध एवढेच डोळ्यांसमोर आणू नका. शेतीच्या औषधांतही हीच नजर लागते, आणि तिथे वऱ्हाडातल्या मुलांना शेत कळते ही जमेची बाजू असते.

पऱ्हाटी :

मी शास्त्रातला माणूस नाही, वाशीम जिल्ह्यात सात एकर कोरडवाहू आहे. मुलगी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पीएच.डी. म्हणजे अजून पाच-सहा वर्षे म्हणते. तोवर घरून पैसे पाठवावे लागतील का? आणि नंतर कंपनीनेच घ्यायचे, तर आत्ताच का घेत नाही?

खारपाणपट्टा :

काका, दोन्ही प्रश्न अगदी योग्य आहेत. नेटमधून कनिष्ठ संशोधक छात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात, शिवाय वसतिगृह नसेल तर घरभाडे. ही रक्कम कधीकधी काही महिने अडकून एकदम येते, म्हणून पहिल्या वर्षी तिच्या हाताशी थोडे पैसे असू द्या. छात्रवृत्तीशिवाय पीएच.डी. करायची वेळ आली तर मात्र दोनदा विचार करावा, असे मी माझ्या धाकट्या बहिणीलाही सांगितले असते.

आत्ताही कंपनी घेते. एम.एस्सी.वर घेतले तर ती तपासण्या करील, पीएच.डी.नंतर घेतले तर तपासणीची आखणी आणि निकालाचा अर्थ यांची जबाबदारी तिच्यावर येईल. एम.एस्सी.वर लागून चार वर्षांनी पीएच.डी.ला गेलेल्या दोघीजणी माझ्या विभागात आहेत आणि त्यांची नोंदवही माझ्यापेक्षा नीटनेटकी असते. तिला कोणते काम हाताने करायला आवडते, ते तिला विचारा. लग्नाचे आपण विचारले नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

उणे १९६ :

माझा मार्ग वेगळा आहे, म्हणून लिहिते. पीएच.डी. अर्धवट सोडून मी भ्रूणतज्ज्ञ झाले आणि विदर्भातच एका जिल्ह्याच्या ठिकाणी वंध्यत्व उपचार केंद्रात काम करते. सदस्यनाव म्हणजे आमच्या द्रवरूप नायट्रोजनचे तापमान. आदल्या दिवशी फलनासाठी ठेवलेली अंडी सकाळी, सोळा ते अठरा तासांनी, पाहायची. दोन केंद्रके दिसली तर फलन नीट झाले. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी, पाचव्या दिवशी पोकळ चेंडूसारखी अवस्था. यंत्रे आली आहेत, तरीही कोणता भ्रूण आधी ठेवायचा हे शेवटी डोळाच ठरवतो.

साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानंतर या केंद्रांची नोंदणी आणि भ्रूणतज्ज्ञाची पात्रता यांना शिस्त आली, हे चांगले झाले. फक्त एक सांगते. खारपाणपट्टा ताईंच्या तबकातला भ्रूण कोणाची वाट पाहत नसतो. माझ्या तबकातल्या भ्रूणाची वाट पाहणारे बाहेरच्या बाकावर बसलेले असतात, कधी कधी पुसद-दिग्रसहून रात्रीच्या एस.टी.ने आलेले. ज्यांना हे ओझे पेलत नाही त्यांनी सांगाडेच वाचावेत. त्यात काही कमीपणा नाही.

तासिका तत्त्वावर :

माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून बाकी आहे. मध्यंतरी आम्ही एक उद्योग करून पाहिला. प्राचार्यांची परवानगी घेऊन सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचा उबवणी पेटारा मागितला, त्यात पाण्याचे भांडे ठेवले आणि बाजारातून आणलेली एक डझन अंडी ३८ अंशांवर ठेवली. तीन दिवसांनी उघडली, तर बाराही अंड्यांत काही नाही. मुले हिरमुसली.

खारपाणपट्टा :

सर, दुकानातली अंडी कितीही उबवली तरी त्यांतून काही निघणार नाही. त्या फार्मवर कोंबडाच नसतो! मुलांना घरून गावरान अंडी आणायला सांगा, ज्या घरी कोंबडा आहे त्या घरची, आणि तीन-चार दिवसांपेक्षा जुनी नकोत. उबवण्यापूर्वी थंड जागी ठेवा. पेटाऱ्यात आडवी ठेवायची आणि वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची. भ्रूण वर तरंगत येतो, म्हणजे तो खुणेखालीच सापडेल. उघडण्यापूर्वी टोकाशी बारीक छिद्र पाडून सुईने दोन-तीन मिलिलिटर पांढरे काढून घ्या, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली उतरेल आणि खिडकी कापताना कात्री लागणार नाही. मग कवचावर चिकटपट्टी लावून त्यावरूनच गोल कापा, म्हणजे कवचाचा चुरा आत पडत नाही. भारनियमनाची वेळ पाहून ठेवा. पेटारा थंड झाला तर वाढ मागे पडते.

तासिका तत्त्वावर :

नऊ अंडी गावरान, चार मुलींच्या घरची. काल दुपारी उघडली, सहांत भ्रूण होते. एकाचे हृदय चालू होते. वर्गात इतकी शांतता मी पूर्वी कधी ऐकली नव्हती, मग एक मुलगी म्हणाली, "सर, हे तर कोपरा तुटलेल्या काचपट्टीतलंच हाय." अडचण एवढीच, की सगळी एकाच वेळी ठेवूनही सहा भ्रूण सहा प्रकारचे आहेत. प्रात्यक्षिक वहीत किती तास लिहायचे? मध्ये दोन तास वीजही गेली होती.

खारपाणपट्टा :

तास लिहूच नका. अंडे कोंबडीच्या पोटातच थोडे वाढून बाहेर येते, ते किती हे कोंबडीलाच माहीत. याच कारणासाठी हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये घड्याळ बाजूला ठेवून भ्रूणाच्या रूपावरून ४६ अवस्था ठरवल्या. पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना विटांसारख्या जोड्या दिसतील, त्या सोमाइट. मुलींना जोड्या मोजायला सांगा आणि प्रत्येकीला स्वतंत्रपणे, शेजारणीला न विचारता, आकडा लिहू द्या. दहा जोड्या असतील तर ती दहावी अवस्था आणि हृदय नुकतेच धडधडू लागलेले असते. आकडे जुळले नाहीत तर खोडू नका. आडवी रेघ, कारण, आद्याक्षरे, तारीख.

तासिका तत्त्वावर :

मोजले. एकाच भ्रूणाला नऊ, दहा, दहा आणि अकरा असे चार आकडे आले आहेत. अकरा म्हणणारी ऐकायला तयार नाही. छायाचित्र सायंकाळी चढवतो, आपणच पाहा.